ओहमच्या आठ तारा

वडिलांची हिशेबाची एक वही माझ्याकडे आहे. दूध, किराणा, वाड्याचं भाडं, माझी फी असा सगळा व्यवहार त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नोंदलेला. शेवटच्या पानावर मात्र दोन ओळी पैशांच्या नाहीत. पहिली : ‘शेगडी – १० फेरे – ६० सेकंद.’ तिच्याखाली, वेगळ्या शाईत : ‘शेगडी – १० फेरे – ४८ सेकंद.’ पुढे काही नाही. या दोन ओळींच्या मध्ये माझी एक फजिती आहे, आणि तिचा उलगडा व्हायला मला जवळजवळ सगळं आयुष्य लागलं. तेवढी वर्षं मी हाच विषय वर्गात शिकवत होतो.

शेगडी म्हणजे त्या काळची एक हजार वॉटची विजेची शेगडी. मातीची चकती, तिच्यात नागमोडी खाच, खाचेत निक्रोमची कॉइल. ही कॉइल वरचेवर तुटायची. मग वडील बटण बंद करून, पिन काढून, तुटलेली दोन टोकं एकमेकांना पिळून जोडायचे. दर जोडणीत तारेचा जळका तुकडा कापावा लागे. असं करता करता एक दिवस कॉइलचा पाचवा हिस्सा कमी झाला. उरलेली कॉइल त्यांनी ताणून खाचेत बसवली आणि मला विचारलं, ‘‘आता बिल कमी येईल की जास्त?’’

मी नववीत होतो. सूत्र तोंडपाठ होतं : विद्युतशक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. तार कमी झाली म्हणजे रोध कमी झाला, म्हणजे शक्ती कमी, म्हणजे बिल कमी. मी ऐटीत सांगितलं, ‘‘कमी येईल.’’ वडील काही बोलले नाहीत. आमच्या मीटरवर लिहिलेलं होतं की चकतीचे ६०० फेरे म्हणजे एक युनिट. बिलावर त्यांचा विश्वास नसल्यामुळे शेगडी नवी असतानाच त्यांनी घरातले सगळे दिवे बंद करून, चकतीवरच्या लाल खुणेकडे बघत घड्याळ लावलं होतं. दहा फेऱ्यांना साठ सेकंद. आता पुन्हा त्यांनी तसंच केलं. अठ्ठेचाळीस. चकती जोरात फिरत होती. शेगडी आधीपेक्षा जास्त वीज खात होती.

सूत्र बरोबर होतं. आकडेमोडही चुकली नव्हती. तरी उत्तर उलटं आलं होतं. मास्तरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘दुसरं सूत्र वापर. विभवांतराचा वर्ग भागिले रोध.’’ ते वापरलं की उत्तर जमायचं. पण ‘हे का आणि ते का नाही’ याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. पुढे मी स्वतः मास्तर झालो आणि तीस वर्षं मुलांना दिलं, पण ते पाठ केलेलं उत्तर होतं. निवृत्तीनंतर गेऑर्ग सिमॉन ओहमचा १८२६ सालचा निबंध सावकाश वाचायला घेतला, तेव्हा त्यातल्या एका लहानशा तक्त्यात माझी नववीतली चूक मला जशीच्या तशी सापडली. त्या तक्त्याबद्दल लिहायचं आहे.

विभवांतराला प्रवाहाने भागलं की रोध मिळतो. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. हे आज सातवी-आठवीतलं गणित आहे. ओहमच्या वेळी मात्र यातला एकही आकडा उपलब्ध नव्हता. व्होल्ट नव्हता, अँपिअर नव्हता, ओहम तर तो स्वतःच होता. व्होल्टाची विद्युतघटमाला १८०० साली आली. तारेतून प्रवाह गेला की जवळची चुंबकसूची वळते, हे ओर्स्टेडने १८२० साली दाखवलं. म्हणजे प्रवाह मोजायची वाट उघडून जेमतेम पाच वर्षं झाली होती.

ओहम हा बव्हेरियातल्या एर्लांगन गावच्या कुलूपकाराचा मुलगा, जन्म १७८९ चा. वडिलांचं शालेय शिक्षण नव्हतं, पण स्वतः वाचून त्यांनी गणित आणि विज्ञान आत्मसात केलं होतं आणि दोन्ही मुलांना घरी शिकवलं होतं. धाकटा मार्टिन पुढे गणिती म्हणून नावारूपाला आला. गेऑर्ग विद्यापीठात गेला खरा, पण नाच, बर्फावरचं घसरणं आणि बिलियर्ड यांत रमला. वडील संतापले आणि त्यांनी त्याला विद्यापीठातून काढलं. मग स्वित्झर्लंडमध्ये एका शाळेत गणिताची मास्तरकी, पुन्हा एर्लांगनला येऊन १८११ मध्ये डॉक्टरेट, मग बाम्बेर्गच्या शाळेत तुटपुंज्या पगाराची नोकरी. १८१७ मध्ये कोलोनच्या जेझुइट शाळेत जागा मिळाली. त्या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. शिकवणं सांभाळून तो तिथे प्रयोग करू लागला. कुलूपकाराच्या घरात वाढलेला असल्याने हत्यारं हातात होतीच.

१८२५ मध्ये त्याने पहिला निबंध छापला आणि तो चुकला. तारेची लांबी वाढवली की तिच्या प्रवाहाचा चुंबकसूचीवरचा जोर कसा घटतो, याचं सूत्र त्याने मांडलं. त्या सूत्रात लॉगॅरिदम होता. चूक हिशेबात नव्हती. चूक होती विद्युतघटात. त्या काळचा घट तार जोडल्याबरोबर एकदम उसळे आणि मग ओसरत जाई. थोडा वेळ तार काढून ठेवली की पुन्हा तरतरीत होई. ओहम तारा बदलत होता, पण त्याच वेळी घटही बदलत होता. दोन गोष्टी एकदम हलत असताना त्यातल्या एकीचा नियम कसा सापडणार?

हा निबंध ज्या नियतकालिकांच्या वर्तुळात वाचला गेला, त्याच्या केंद्रस्थानी पोगेनडॉर्फ हा संपादक होता. त्याने ओहमला सुचवलं की घट सोडून दे, झेबेकची युक्ती वापर. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तपमानावर ठेवले की त्यांच्यातून प्रवाह वाहतो, हे झेबेकने नुकतंच दाखवलं होतं. हा प्रवाह क्षीण असतो, पण तपमानं स्थिर ठेवली तर तोही स्थिर राहतो. विज्ञानाच्या इतिहासात संपादकांचे उपकार क्वचितच नोंदले जातात, म्हणून हा आवर्जून नोंदतो.

ओहमने बिस्मथची पट्टी घेतली आणि तिच्या दोन्ही टोकांना तांबं जोडलं. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळतंय तोवर आणि बर्फ वितळतंय तोवर दोन्ही तपमानं जागची हलणार नाहीत. निसर्गाने फुकट दिलेल्या या दोन खुंट्या होत्या. प्रवाह मोजायला त्याने एक चुंबकसूची टांगली. प्रवाहामुळे सूची वळली की वरचा गट्टू पिळून तिला पुन्हा मूळ जागी आणायचं, आणि किती पिळावं लागलं ते वाचायचं. जितका पीळ तितका प्रवाह.

मग एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. सुरुवातीचं दोनचं अंतर सोडलं तर पुढच्या पायऱ्या दुपटीने वाढतात : ४, ८, १६, ३२, ६४. मास्तर माणूस, तारा कापतानाही गणित डोक्यात होतं. ८ जानेवारी १८२६ रोजी या आठ तारांचे पीळ त्याला अनुक्रमे ३२६¾, ३००¾, २७७¾, २३८¼, १९०¾, १३४½, ८३¼ आणि ४८½ असे मिळाले.

या आकड्यांवरून पहिली गोष्ट दिसते ती अशी की ओहमचा नियम यात दिसत नाही. तार दोन इंचांवरून चार इंच, म्हणजे दुप्पट केली, तर प्रवाह निम्मा व्हायला हवा. तो ३२६¾ वरून ३००¾ झाला. जेमतेम आठ टक्के घट. उलट ६६ वरून १३० इंच, म्हणजे जवळजवळ दुप्पट केली, तर ८३¼ चे ४८½ झाले. हे निम्म्याच्या बरंच जवळ आहे. एकच नियम दोन टोकांना दोन तऱ्हेने वागतो असं वाटतं.

ओहमने जे ओळखलं ते असं : प्रवाहाला फक्त माझी तार ओलांडायची नाही. बिस्मथची पट्टी, जाड तांबं, सांधे, सूचीजवळची तार, हे सगळं त्याला ओलांडायचंच आहे. हा सगळा पसारा म्हणजे जणू याच तांब्याच्या तारेचे काही जादा इंच. ते किती? त्याचं उत्तर आलं २०¼. मग सूत्र असं झालं : तारेच्या लांबीत २०¼ मिळवा आणि त्याने एका ठरलेल्या संख्येला भागा. त्या दिवशी ती संख्या होती ७२८५. वाचकांनी कागद घेऊन करून पाहावं. दोन इंची तारेसाठी ७२८५ ला २२¼ ने भागलं तर ३२७.४ येतात, मोजलेले ३२६¾. अठरा इंचांसाठी ३८¼ ने भागलं तर १९०.५, मोजलेले १९०¾. एकशेतीस इंचांसाठी १५०¼ ने भागलं तर ४८.५, मोजलेले ४८½. सगळ्यात जास्त तफावत दहा इंची तारेत, तीही दोन-अडीच अंकांची.

एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने उकळतं पाणी बाजूला केलं आणि तो सांधा खोलीच्या तपमानावर ठेवला. दुसरा बर्फातच. जानेवारीतली जर्मन खोली थंडगार, म्हणजे दोन सांध्यांतला फरक दहाव्या हिश्शाहूनही कमी झाला. ७२८५ ची जागा घेणारी संख्या त्याच प्रमाणात कोसळली. २०¼ मात्र जिथल्या तिथे राहिले. याचा अर्थ सूत्रातली वरची संख्या ढकलणाऱ्याची आहे आणि खालची वाटेची आहे. ढकलणारा बदलला तरी वाट बदलत नाही. मला विचाराल तर ओहमचा नियम त्या क्षणी जन्मला. भागाकार तर आधीही कुणी केला असता. वर काय आणि खाली काय, आणि एक हलवलं तर दुसरं हलत नाही, हे दाखवणं हे खरं काम होतं.

इथे एका विलक्षण माणसाची आठवण काढायला हवी. इंग्लंडमधला हेन्री कॅव्हेंडिश ओहमच्या पंचेचाळीस वर्षं आधी, १७८१ मध्ये, याच नियमापर्यंत पोचला होता. त्याच्याकडे चुंबकसूचीचं मापन नव्हतं. मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या नळ्यांतून लेडन बरणीची वीज स्वतःच्या अंगातून जाऊ द्यायची आणि झटका कमी लागला की जास्त याची तुलना करायची, ही त्याची पद्धत. अंग हेच मापक. कॅव्हेंडिश अतिशय मितभाषी, माणसांना टाळणारा. त्याने हे छापलंच नाही. त्याची टिपणं मॅक्सवेलने १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तोवर ओहम जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. त्या टिपणांवर काम करताना मॅक्सवेलने केंब्रिजच्या प्रयोगशाळेत आलेल्या पाहुण्यांनाही झटके देऊन कॅव्हेंडिशचा प्रयोग पडताळला म्हणतात. कॅव्हेंडिशच्या अंगाच्या अचूकपणाचं आश्चर्य वाटतं. तरी मला ओहमचा पीळ जास्त मोलाचा वाटतो, कारण तो दुसऱ्याला दाखवता येतो. झटका ज्याचा त्यालाच.

अर्ध्या पगाराची रजा घेऊन ओहम बर्लिनला भावाकडे गेला आणि १८२७ मध्ये विद्युतमंडलाच्या गणिती मांडणीचं त्याचं पुस्तक तिथे निघालं. त्याला वाटलं होतं आता विद्यापीठात जागा मिळेल. ती मिळाली नाही. हेगेलच्या तत्त्वज्ञानाच्या प्रभावातल्या गेऑर्ग पोल या अभ्यासकाने पुस्तकावर बोचरी टीका केली. ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षं बर्लिनला गणिताच्या शिकवण्यांवर काढली. १८३३ मध्ये न्यूर्नबर्गच्या तंत्रशाळेत त्याला जागा मिळाली. ‘जर्मनीने ओहमला झिडकारलं’ ही कहाणी पाठ्यपुस्तकांच्या समासात नेहमी असते. ती जरा रंगवलेली आहे. लायपझिगच्या फेख्नरने १८३१ मध्येच त्याचा नियम कसून तपासून उचलून धरला होता. अडचण द्वेषाची कमी आणि सवयीची जास्त होती. वीज हा तोवर प्रयोग करून दाखवण्याचा, वर्णन करण्याचा विषय होता. त्यात सूत्रं भरलेलं पुस्तक कुणाला वाचायचं होतं? लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोप्ली पदक दिलं, पुस्तकाचा इंग्रजी अनुवादही त्याच वर्षी झाला. म्युनिक विद्यापीठातलं भौतिकशास्त्राचं अध्यासन मिळालं १८५२ मध्ये. दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, तो गेला.

ओहमच्या सूत्रात शक्ती कुठेच नाही. तार तापते हे सगळ्यांना माहीत होतं, पण किती तापते हे त्याने विचारलं नव्हतं. ते विचारलं सॅलफर्डच्या एका बिअर गाळणाऱ्या घराण्यातल्या मुलाने. जेम्स जूल तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याने तारेचं वेटोळं पाण्यात बुडवलं, थर्मामीटर लावला आणि प्रवाह सोडला. प्रवाहाचं माप त्याने स्वतःच बनवलं : तासाभरात नऊ ग्रेन पाण्याचं विघटन करणारा प्रवाह म्हणजे एक अंश. बिअरच्या धंद्यात तपमानाचा बारीक फरक ओळखणं हा रोजचा भाग. ती सवय उपयोगी पडली असणार. निष्कर्ष निघाला की उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. रॉयल सोसायटीने डिसेंबर १८४० मध्ये त्याचा फक्त सारांश छापला. पूर्ण निबंध १८४१ मध्ये दुसरीकडे आला.

नववीत मी जे सूत्र म्हटलं होतं ते हेच. आता गंमत अशी की जूलचं सूत्र हातात घेऊन ओहमच्या तक्त्याकडे परत जाता येतं. ओहमने तसं केलं नाही, त्याला करताच आलं नसतं. पण त्याचे आकडे छापलेले आहेत. प्रत्येक तारेचा पीळ घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि तारेच्या लांबीने गुणायचं, कारण जाडी आणि धातू एकच असल्यामुळे लांबी हाच रोध. मिळेल ती त्या तारेत निर्माण होणाऱ्या उष्णतेची तुलना. मी एका दुपारी हे केलं. हजारांत सांगतो : दोन इंची तार २१४, चार इंची ३६२, सहा इंची ४६३, दहा इंची ५६८, अठरा इंची ६५५. इथवर आकडे चढत आहेत. पुढे चौतीस इंची ६१५, सहासष्ट इंची ४५७, एकशेतीस इंची ३०६. आकडे उतरू लागले.

कागदावरची ही टेकडी बघत मी बराच वेळ बसलो. तिच्या डाव्या उतारावर तार छोटी केली की उष्णता कमी होते. म्हणजे नववीतल्या मुलाचं उत्तर बरोबर. उजव्या उतारावर तार छोटी केली की उष्णता वाढते. म्हणजे वडिलांची चकती बरोबर. आणि माथा कुठे? अठरा आणि चौतीसच्या मध्ये कुठेतरी. सूत्राने नेमकं काढलं तर तार २०¼ इंच असते तिथे. म्हणजे बाहेरची तार आणि आतला पसारा समसमान होतात, तिथे.

डाव्या बाजूला असताना तारेची लांबी पसाऱ्यापुढे नगण्य असते. ती बदलली तरी प्रवाह फारसा हलत नाही. आणि प्रवाह जर हलत नसेल तर ‘वर्ग गुणिले रोध’ हे सूत्र सरळ वाचता येतं, रोध घटला की शक्ती घटली. उजव्या बाजूला पसारा नगण्य. तिथे प्रवाह तारेच्या लांबीवर नाचतो, आणि स्थिर राहतं ते तारेच्या दोन टोकांमधलं विभवांतर. तिथे दुसरं सूत्र सरळ वाचायचं. दोन्ही सूत्रं सगळीकडे खरीच आहेत. पण प्रत्येकात तीन राशी आहेत, आणि त्यातली एक जागेवर उभी आहे असं आपण मनात धरूनच ते वाचतो. माझ्या वाड्यातल्या शेगडीमागे वीजमंडळाचा सगळा पसारा होता : खांबावरच्या जाड तारा, रोहित्र, वीजघर. शेगडीच्या पन्नासएक ओहमपुढे त्याचा रोध किरकोळ. म्हणजे आमचं घर टेकडीच्या उजव्या बाजूला, पार पायथ्याशी होतं. मी मात्र डाव्या उतारावर उभा राहून उत्तर दिलं होतं. माझ्या मास्तरांनी मला सूत्र बदलायला सांगितलं, बाजू सांगितली नाही.

या टेकडीने मोठमोठ्यांना चकवलं आहे. माथ्यावर सर्वांत जास्त शक्ती मिळते हे याकोबीने १८४० च्या सुमारास दाखवलं. पण तिथे जेवढी शक्ती बाहेर मिळते तेवढीच आतल्या पसाऱ्यात वाया जाते. यावरून अनेकांनी असा ग्रह करून घेतला की वीज निर्माण करणाऱ्या यंत्राकडून निम्म्याहून जास्त उपयोग मिळूच शकत नाही. एडिसन आणि त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अपटन यांनी हा ग्रह बाजूला सारला. सर्वांत जास्त शक्ती त्यांना नकोच होती, कमीत कमी नासाडी हवी होती. त्यांनी डायनामोचा आतला रोध मुद्दाम अगदी कमी ठेवला आणि दिव्याचा रोध मुद्दाम जास्त. शंभर ओहमच्या आसपास रोधाचा दिवा शंभरएक व्होल्टवर एक अँपिअरच्या आतबाहेर प्रवाह घेतो. कमी रोधाचा दिवा तेवढ्याच शक्तीसाठी कितीतरी जास्त प्रवाह ओढला असता आणि रस्त्याखालच्या तारांना लागणाऱ्या तांब्याचा खर्च कुणाला परवडला नसता. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्यांचं वीजघर सुरू झालं. त्याच्या मुळाशी असलेला हिशेब हा असा, शाळेतल्या दोन सूत्रांचा.

मापांची नावंही याच काळात ठरली. त्याआधी प्रत्येकाचा रोध वेगळा : याकोबीचा तांब्याच्या तारेचा तुकडा, सीमेन्सचा एक मीटर लांबीचा पाऱ्याचा स्तंभ. प्रयोगशाळेत हे चाललं असतं, पण समुद्राखालून तारा जाऊ लागल्यावर चालेना. १८५८ ची अटलांटिक केबल व्हाइटहाउस या वीजतज्ज्ञाने दोन हजारांच्या आसपास व्होल्टचे तडाखे देऊन काही आठवड्यांत निकामी केली. त्या फसगतीनंतर मोजमापाला किंमत आली. रोधाचं प्रमाण ठरवण्यासाठी १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने समिती नेमली, तिच्यात पुढे मॅक्सवेलही होता. त्याच साली क्लार्क आणि ब्राइट या दोन तार-अभियंत्यांनी मापांना वैज्ञानिकांची नावं द्यावीत अशी सूचना केली. त्यांच्या यादीत ‘ओहमा’ हे विभवांतराचं माप होतं आणि ‘व्होल्ट’ रोधाचं! पुढे कुणीतरी अदलाबदल केली हे बरं झालं. १८८१ च्या पॅरिस परिषदेत व्होल्ट, ओहम, अँपिअर पक्के झाले, आणि असे बेतले गेले की एक व्होल्टला एक अँपिअरने भागलं की बरोबर एक ओहम यावा. आपल्याला हा भागाकार इतका सोपा वाटतो, त्याचं श्रेय निसर्गाला नाही, त्या परिषदेतल्या मंडळींना आहे. वॉट हे नाव विल्यम सीमेन्सने १८८२ मध्ये सुचवलं.

हा भागाकार मुंबईच्या किनाऱ्यालाही लवकर लागला होता. ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन समुद्री तार टाकली. अशी तार भर समुद्रात कुठे बिघडली ते पाहायला कोण जाणार? किनाऱ्यावर बसून तिचा रोध मोजायचा. दर मैलाला किती ओहम हे तार टाकतानाच नोंदलेलं असतं. मोजलेल्या रोधाला त्याने भागलं की बिघाड किती मैलांवर ते कळतं. बिघाडाच्या जागी पाणी शिरून तिथलाही थोडा रोध मिसळतो, म्हणून दोन्ही किनाऱ्यांवरून मोजून तो वजा करावा लागे. ओहमचे २०¼ इंच इथे अरबी समुद्राच्या तळाशी पुन्हा भेटतात.

आणि रोजच्या लोकलमध्येही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेवरची पहिली गाडी धावली, १५०० व्होल्टवर. कित्येक दशकं मुंबईची लोकल त्याच दाबावर चालली आणि या शतकात ती २५,००० व्होल्टवर आली. का, ते वहीच्या एका पानावर मावतं. समजा गाडीला तीस लाख वॉट हवेत. १५०० व्होल्टवर त्यासाठी २००० अँपिअर लागतात. २५,००० व्होल्टवर, बदलत्या प्रवाहातले बारकावे बाजूला ठेवले, तर फक्त १२०. वरच्या तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने जाते, म्हणजे तीच तार असेल तर नासाडी सुमारे दोनशे अठ्ठ्याहत्तर पटींनी घटते. इथे शक्ती ठरलेली आहे आणि तारेचा रोध ठरलेला आहे, म्हणून जूलचं सूत्र सरळ वाचायचं.

शिकवत असताना मुलं एक गोष्ट तक्रारीच्या सुरात आणून दाखवायची. साठ वॉटच्या बल्बचा रोध सूत्राने २३० चा वर्ग भागिले साठ, म्हणजे ८८२ ओहम यायला हवा. मल्टिमीटर लावला तर साठ-सत्तरच दाखवतो. ‘‘सर, ओहम चुकला.’’ ओहम चुकला नव्हता. बल्ब थंड होता. पेटलेल्या बल्बची टंगस्टनची तार दोन-अडीच हजार अंशांवर असते आणि तिचा रोध तपमानाबरोबर चढतो.  निक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून शेगडीचा हिशेब सरळ निघतो.

तो मी वडिलांच्या वहीत, त्यांच्या दोन ओळींच्या शेजारी पेन्सिलीने लिहिला आहे. पहिल्या ओळीपुढे : २३० व्होल्ट, ४.३५ अँपिअर, ५२.९ ओहम, १००० वॉट. दुसरीपुढे : २३० व्होल्ट, ५.४३ अँपिअर, ४२.३ ओहम, १२५० वॉट. वाड्यात संध्याकाळी २३० कधीच नसायचे, दिवे पिवळे पडायचे, पण प्रमाणाला त्याने बाध येत नाही. कॉइल पाचास चार उरली होती, आणि साठास अठ्ठेचाळीस म्हणजेही पाचास चार. पुढच्या महिन्यात बिल वाढून आलं. वडिलांनी नवी कॉइल आणली, बसवली, बटण लावलं आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर उभे राहिले. तिसरी ओळ वहीत नाही. बहुतेक पुन्हा साठच आले असतील.